निळं वावर

काकूंना काही विचारलं, की त्या आधी आपल्यालाच प्रश्न करायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे बोलायच्या नाहीत. "पुरात, टंचाईत शहर कसं टिकतं, याचा अभ्यास करतेय," असं मी पहिल्या भेटीत सांगितलं, तर भेंडी तोडता तोडता म्हणाल्या, "कोनाले इचारून लिहून राह्यली?"

वाशीमच्या कडेला, नाल्याला लागून त्यांचं दोन एकर भाजीचं वावर होतं. मी केनवडची, शेतकऱ्याचीच लेक, पण पीएच.डी.ला लागल्यापासून वावर नकाशातूनच बघायची सवय जडली होती.

श्रावणात नाला चढला, तेव्हा मी तिथेच होते. पाणी बांध ओलांडून वांग्यांत शिरलं. पलीकडच्या वस्तीचे उंबरे कोरडे राहिले. गुडघाभर चिखलात उभ्या काकू म्हणाल्या, "पान्याले कुठंतरी बसाच लागते. माह्या वावरात बसलं म्हनून लोकायच्या घरात नाई गेलं." वाक्य मी लगेच वहीत उतरवलं. वांग्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

पुढे नगरपरिषदेत अहवाल मांडायचा होता. मी काकूंना अभिमानाने बोलावलं. पडद्यावर नकाशा आला. त्यांचं वावर मी निळं रंगवलं होतं : 'पूर सामावणारी जागा'.

अधिकारी खूश झाले. "मग ही जागा ताब्यात घेऊन तलावच करू. शहरही वाचेल, पर्यावरणही." माना डोलल्या.

मागच्या खुर्चीवरून काकू उठल्या. "ते निळं काय हाये?"

"तुमचं वावर," मी म्हणाले.

"निळं काहून? आठ महिने हिरवं असते, ते नाई दिसलं तुले?"

माझे मार्गदर्शक सर शेजारून पुटपुटले, "गप्प बस. प्रबंध अडकेल."

मला ठाऊक होतं, शेजारच्या पडीक जमिनीवर तेच पाणी आठवडाभर साचलं होतं आणि काकूंच्या शेणखताच्या मातीत दोन दिवसांत मुरलं होतं. ही नोंद मी गाळली होती. ती आकृतीत बसत नव्हती.

मी उभी राहिले. "अहवाल अपुरा आहे. ही जमीन पाणी पिते, कारण काकू ती कसतात. शहराचा पूर त्या सोसतात, हे मी लिहिलंच नाही."

"तुमचाच अहवाल ना?" अधिकारी चिडले. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

सगळं नव्याने मोजावं लागलं. सर वर्षभर धड बोलले नाहीत. काकूही नाहीत; मी बांधावर आले, की पाठमोऱ्या होऊन तण निंदत राहायच्या. महिन्याभराने एकदाच म्हणाल्या, "मोजून राह्यली तं नीट मोज. त्या कोपऱ्यातही पानी बसते."

तलावाचा प्रस्ताव अजून रद्द झालेला नाही. काकू दर हंगामात पेरतात. पुण्याला नोकरीसाठी निघताना मी विचारलं, "प्रबंधात तुमचे आभार मानू का, नावानिशी?"

त्यांनी मान हलवली. "नाव नको टाकू, पोरी. कागदावर आलं, का लोकं वावर शोधत येतेत."

प्रबंधात त्यांचं नाव नाही. इथेही नाही.