अनंतराव मास्तरांचं कुलूपबंद कार्ड

अनंतराव मास्तरांनी गावच्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं, पण घरातलं एक गणित काही त्यांना सुटेना. त्यांच्या लेकीची, विमलची, सोयरीक दोनदा जुळली होती आणि दोनदा मोडली होती. दोन्ही वेळा मुलाकडच्यांना निनावी पत्र गेलं होतं. आता तिसरीही मोडली, तर पोरीला कोणी विचारणार नव्हतं.

पत्र कोण लिहितं ते कळत नव्हतं. पण खबर कुठून फुटते, हे झरीजवळच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बन्सीधर पोस्टमास्तर येणारं-जाणारं प्रत्येक कार्ड आधी स्वतः वाचत आणि आवडलं तर पारावर मोठ्यानं वाचत. उघडं कार्ड न वाचणं म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान, असं त्यांचं मत होतं.

“मग लिफाफा घाला की,” सुमंगलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“लिफाफा वाफेवर उघडतो. अन् बंद लिफाफा गेला म्हणलं की गाव जास्तच कान टवकारतं.”

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गंगाखेडच्या माधवरावांच्या मुलाशी जमलं, तेव्हा मास्तर तयारीत होते. बैठक उठल्यावर त्यांनी माधवरावांना गोठ्यामागं नेऊन युक्ती समजावली. मुहूर्त कळवताना प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं सरकवायचं, म्हणजे क चा घ आणि ग चा च. काना-मात्रा जागच्या जागी. वाचणाऱ्यानं तीन घरं मागं यायचं.

“कुलूप गावानं बघितलं तरी हरकत न्हाई,” मास्तर म्हणाले. “किल्ली तेवढी दोघांतच ऱ्हायली पायजे. हा तीनचा आकडा कुठं लिहायचा न्हाई, घरात बी बोलायचा न्हाई.”

माधवरावांनी मान डोलावली. ते कचेरीतले कारकून. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्याचा त्यांना पंचवीस वर्षांचा सराव होता.

कुंकवाचा, म्हणजे साखरपुड्याचा मुहूर्त निघाला. ‘गुरुवारी कुंकू’ याचं ‘चुशुसाशी घुंघू’ झालं, आणि पुढंही सगळं तसंच. मास्तरांनी स्वतःच्या हुशारीवर खूश होत कार्ड पेटीत टाकायला सुमंगलाबाईंकडे दिलं.

त्या माउलीच्या माहेरी काय आणि सासरी काय, मंगलकार्याचं कार्ड कोरं कधी गेलं नव्हतं. त्यांनी चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावली आणि मगच ते टाकलं.

बन्सीधरांना एक शब्द लागला नाही. पण हळदकुंकू दिसलं आणि गंगाखेडचा पत्ता दिसला. संध्याकाळी हॉटेलवाला सटवाजी मास्तरांना म्हणाला, “गंगाखेडला जमलं म्हणं विमलताईचं. लय ब्येस झालं.” मास्तरांचा चहा बशीतून धोतरावर सांडला.

तिकडं गंगाखेडला ते कार्ड माधवरावांच्या आईच्या, कस्तुराबाईंच्या हाती पडलं. तिसरी शिकलेल्या म्हातारीनं चष्मा लावून वाचलं: चुशुसाशी घुंघू. वर हळद, वर कुंकू आणि शिक्का मुलीच्या गावचा. नातवावर करणी केली, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. त्यांनी चिमट्यात कार्ड धरलं आणि थेट गोदावरीत सोडलं. माधवरावांनी घरी आल्यावर युक्ती सांगू पाहिली, पण आकडा तीन होता की तेरा हेच त्यांना आठवेना, आणि कार्ड तर नांदेडच्या वाटेला लागलं होतं.

चार दिवसांनी माधवरावांचं उघडं कार्ड आलं: ‘आईच्या मनात करणीचा संशय आला आहे. सोयरीक इथेच थांबवू.’ बन्सीधरांनी ते पारावर वाचलं नाही. स्वतः घरी आणून दिलं आणि मान खाली घालून उभे राहिले.

मास्तर भिंतीला टेकून बसले. या खेपेला निनावी पत्राची कोणाला गरजच पडली नव्हती. त्यांना भडभडून आलं.

विमलनं कोरं कार्ड काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘आजी, ती करणी नाही, गणित आहे. आमच्या नानांनी केलं. प्रत्येक अक्षर तीन घरं मागं घ्या, गुरुवारी कुंकू निघेल.’

“अगं, किल्लीच देऊन टाकली तू,” मास्तर कळवळले. “अन् तुला आकडा कुणी सांगितला?”

“कुणी न्हाई. आई हळदकुंकू लावत होती तवा अक्षरं उतरून घेतली. एक घर मागं करून बघितलं, दोन करून बघितलं,” विमल म्हणाली. “तिसऱ्याला निघालं, नाना.”

बन्सीधरांनी सवयीनं ते कार्ड वाचलं. मग खिशातला पेन काढून खाली लिहिलं: ‘वाचलं. खरं आहे. पोरगी गुणाची आहे. पोस्टमास्तर.’

तो गुरुवार तसाच गेला. शनिवारी गंगाखेडचं कार्ड आलं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. अक्षर कस्तुराबाईंचं, तिसरीतलं: ‘बापाचं कार्ड गंगेत सोडलं. पोरीचं ठिवून घेतलं. सोमवारी कुंकू लावायला यायलोत.’