सरकलेलं होल

हात थरथरायला लागला तेव्हा मी घाबरले नाही, यादी केली. माझी पद्धतच ती. वाळूजच्या एका छोट्या टूलरूममध्ये मी बावीस वर्षं कॉम्प्युटरवर डायची ड्रॉइंग काढत होते. डाय म्हणजे पत्रा कापायचा पोलादी साचा. डॉक्टर म्हणाले, हा कंप घराण्यातून येतो, जिवाला धोका नाही, पण पूर्ण बराही होत नाही. त्यांनी गोळी लिहून दिली. रिक्षा बजाजनगरला पोचेपर्यंत माझी पहिली चार कलमं तयार होती.

माऊसचा वेग निम्म्यावर आणला. मनगटाखाली ठेवायला ज्वारी भरून एक पिशवी शिवली. रेघ ओढायची नाही, तिची मापं कीबोर्डवरून टाकायची. दुपारनंतर चहा बंद. कुणी मागं येऊन उभं राहिलं की हात जास्त हलायचा. अशा वेळी तो मांडीवर घ्यायचा आणि "बोला ना" म्हणायचं, हे अकरावं कलम. दीड वर्ष कुणाला काही कळलं नाही. याचा मला अभिमान होता, हेही लिहायला हवं.

मग एका पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन आला. खालच्या प्लेटचं होल केवढं धरलंय, एवढंच विचारायचं होतं. पूर्ण झालेलं ड्रॉइंग उघडलं, होलवर क्लिक केलं, बारा आहे म्हणून सांगितलं. फोन खांद्यात धरलेला, पिशवी कुठंतरी बाजूला सरकलेली. फाइल बंद करताना स्क्रीनवर प्रश्न आला, बदल सेव्ह करायचे का? मी हो म्हटलं. बंद करताना सेव्ह करायचं, ही माझी सगळ्यात जुनी शिस्त, हात चांगला होता तेव्हापासूनची. मी काही बदललंच नव्हतं, मग कॉम्प्युटर विचारतोय कशाला, हे मनातही आलं नाही.

क्लिक करताना हात हलला आणि होल सरकलं होतं. होल सरकलं की त्याला जोडलेलं मापही आपोआप बदलतं. बेचाळीस मिलिमीटरचं बेचाळीस पूर्णांक त्रेसष्ट झालं. आकडा नीट वाचला नाही तर ड्रॉइंगकडं बघून काही बिघडलंय असं कुणाला वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याचीच प्रिंट मशीनवर गेली.

प्लेट तयार झाली आणि जोडणीला बसेना. माल उद्या द्यायचा होता. मशीनवरचे मामा पिशोरचे, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांनाच धरलं.

"मामा, त्रेसष्ट? असा अडनिडा आकडा आपल्याकडं कधी आलाय का? झोपला होता काय?"

"दिसला व्हता, साहेब."

"मग विचारायचं नाही?"

"मॅडमचं ड्रॉइंग व्हतं. त्यांचं काय इचारायचं? म्हटलं पार्टीनं तसंच मागितलं आसंल."

"मामा, मोतीबिंदू काढून घ्या आता," एक फिटर म्हणाला. बाकीचे हसले. मामाही हसले.

"व्हय, माझंच चुकलं. इचारायला पायजे व्हतं."

मी गप्प राहिले असते तर ते तिथंच मिटलं असतं. मामांनी अंगावर घेतलंही होतं. मी ओढणीखालून उजवा हात बाहेर काढला.

"सर, होल माझ्याकडून सरकलं. हा हात बघा."

सगळे बघायला लागले तसा तो आणखीच हलायला लागला. हसणं थांबलं.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी केबिनमध्ये खुर्ची दिली, स्वतः पाणी आणलं. ग्लास अर्धाच भरला होता, सांडू नये म्हणून.

"तुम्ही कुठंही जायचं नाही, मॅडम. डिस्पॅच बघा. पण ड्रॉइंग नको. आपल्या कामात अर्धा एमएम म्हणजे..."

"माहीत आहे, सर," मी म्हणाले. नव्या माणसांना हे बावीस वर्षं मीच सांगत आले होते.

दोन दिवस माझ्या जागी येणाऱ्यासाठी फोल्डर लावून देण्यात गेले. कुठली डाय कुठं आहे, कुठल्या पार्टीला काय चालत नाही, सगळं टाइप करून ठेवलं. एकही चूक होऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी व्हायच्या आधी मामा आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"कशाला बोललात, मॅडम? माझं काय, एक वरीस. शिव्या खाऊन निघून गेलं आसतं. तुमची तर लई वर्सं राहिली व्हती."

"खोटं कसं बोलू, मामा," असं काहीतरी म्हणायला गेले आणि दीड वर्षात न आलेलं रडू तिथं, कॉम्प्युटरसमोर, आलं. मामांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून बसले. कुणी आत येऊ नये म्हणून. माझं रडून होईपर्यंत ते तसेच बसून होते.