दोनदा वितळणारं संयुग

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला एका सज्जन माणसाने शिकवलं. आजही जळगावातलं जुनं कुणी भेटलं, सरांचा विषय निघाला, की समोरचा म्हणतो, "काय देवमाणूस हो!" मी आपली मान डोलावते. म्हणा बापडे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. एम.एस्सी. झाल्यावर मी जळगावच्या एका कॉलेजात या सरांकडे पीएच.डी.साठी नाव घातलं. घर धुळ्याजवळच्या खेड्यात, कपाशीच्या शेतात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वर्षांची मुदत दिली होती. दोन वर्षांत काही नाव करून दाखवलं तर पुढे शीक, नाहीतर येईल त्या चांगल्या स्थळाला हो म्हण. आबांचा शब्द म्हणजे शब्द. तेव्हा सोमवारच्या पहिल्या एसटीने पारोळ्यावरून जळगाव गाठायचं आणि शनिवारी परत यायचं, असं माझं चाललं होतं.

विषय अगदी साधा होता. काही पिवळी संयुगं बनवायची आणि ती जंतू मारतात का ते बघायचं. संयुग बनलं की त्याचा वितळणबिंदू काढायचा. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत चिमूटभर पूड भरायची, नळी थर्मामीटरला दोऱ्याने बांधायची, तेलात बुडवून सावकाश तापवायची आणि डोळा न हलवता बसायचं. शुद्ध पदार्थ एका ठरावीक तापमानाला झटक्यात वितळतो आणि पाण्यासारखा नितळ होतो. माझा पदार्थ वितळला, पण नितळ झालाच नाही. पातळ ताकासारखा गढूळ राहिला. पुढे दहा-बारा अंश तापवल्यावर तो गढूळपणा एका क्षणात नाहीसा झाला. थंड करताना पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. मी पाच संयुगं केली आणि पाचही मेली दोनदोनदा वितळत होती.

सरांची एक शिस्त होती, आणि आम्हाला तिचं कोण कौतुक! वहीत सगळं आधी पेन्सिलने लिहायचं. सर पाहणार, "बरोबर" म्हणणार, मग शाईने गिरवायचं. चुकलं असेल ते खोडून टाकायचं. "वही देवघरासारखी स्वच्छ पाहिजे, बेटा," असं ते म्हणत. मी पाचही संयुगांचे दोनदोन आकडे पेन्सिलने लिहिले.

दरम्यान लायब्ररीतल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात मला माझा गढूळ पदार्थ सापडला. द्रवस्फटिक! डिजिटल घड्याळात आकडे उमटवतो तोच प्रकार. त्याचा रेणू लांबट असतो. मधे दोन कडक कड्या, आणि टोकाला कार्बनची मऊ शेपटी. बैलगाडीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भरल्यात अशी कल्पना करा. गाडी हलली की पऱ्हाट्या मागेपुढे सरकतात, पण सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला राहतात. पहिल्या तापमानाला रेणू आपली जागा सोडतात, दिशा सोडत नाहीत. म्हणून पदार्थ वाहतो आणि तरी गढूळ दिसतो. दुसऱ्या तापमानाला दिशाही सुटते, मग नितळ होतो. हे वाचलं आणि मी लायब्ररीत एकटीच हसत बसले.

पुस्तकात लिहिलं होतं, दोन पोलरॉइड काचांमधून बघा. आमच्याकडे कुठल्या पोलरॉइड काचा? एका बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पातळ फिल्म मी ब्लेडने सोलून काढली, तिचे दोन तुकडे केले, आडवे-उभे धरले आणि मधे तापवलेली काचपट्टी ठेवली. बाई गं! हिरवे, गुलाबी, निळे रंग, आणि त्यांतून वळवळत जाणारे काळे धागे. वर तापवलं की सगळं मिट्ट काळं. मी धावतच सरांना बोलावून आणलं.

सर कितीतरी वेळ वाकून बघत होते. वही उघडून त्यांनी माझे आकडे पाहिले, आपल्या डायरीत काहीतरी लिहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "मळ आहे, बेटा. अशुद्ध पदार्थ असाच दोनदा वितळतो."

"पण सर, पुस्तकात..."

"पुस्तकातली माणसं मोठ्या प्रयोगशाळेत बसतात. आपण जळगावात बसतो. खोड ते. पुन्हा शुद्ध कर."

आणि मी खोडलं! माझ्या हातांनी, खोडरबर घासघासून, पाचही ओळी. वर फुंकर मारून कचरासुद्धा उडवला. सरांनी म्हटलं म्हणजे तसंच असणार, हा माझा मूर्खपणा. वडिलांच्या खालोखाल मी त्यांना मानत होते.

पुढचे सात महिने मी तोच पदार्थ विरघळवत होते, गाळत होते, पुन्हा स्फटिक पाडत होते. हातांची सालटं निघाली. गढूळपणा काही जाईना. जाणार कसा, तो मळ नव्हताच ना! दरवेळी सर म्हणायचे, "अजून थोडं." या भानगडीत एक गोष्ट मात्र कळली. माझा थर्मामीटर वरच्या भागात दोन अंश कमी दाखवत होता. मी दुसरा आणला आणि पहिले आकडे चुकीचे होते हे मनाशी नोंदवलं. वहीत तर ते नव्हतेच.

मग एका दुपारी सरांचं पोस्टाचं पुडकं आलं. सर रजेवर होते, आणि त्यांचं टपाल फोडायचं काम माझ्याकडेच होतं. आत एका संशोधनपत्रिकेतल्या लेखाच्या पंचवीस छापील प्रती. वर सरांचं नाव, शेजारी त्यांच्या भाच्याचं. हा भाचा आमच्याच प्रयोगशाळेत होता, महिन्यातून चार दिवस उगवायचा. लेखाचा विषय होता नवे द्रवस्फटिक. आत माझी पाच संयुगं, माझी दोनदोन तापमानं. शेपटीत एक कार्बन वाढवला की दुसरा आकडा वर, अजून एक वाढवला की खाली, असा तो वाकडातिकडा आलेख मी पहिल्यांदा काढला होता. तोही होता. आणि वरची तापमानं? सगळी दोन अंशांनी कमी. माझ्या बिघडलेल्या थर्मामीटरसकट चोरी केली होती मेल्यांनी!

तळपायाची आग मस्तकात गेली. सर परत आले त्या दिवशी मी प्रत त्यांच्या टेबलावर आपटली.

"सर, हे माझं आहे."

त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठे लिहिलंय?"

मी वही घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी पान उजेडात धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. खोडलेल्या जागी कागद जरा खरखरीत झाला होता, इतकंच. "यावर मी काय करू?" ते म्हणाले, आणि खरंच त्यांनी तरी काय करायचं होतं? बाहेर आल्यावर सर मला जिन्यात गाठून समजावू लागले, "तुझं काय बेटा, उद्या लग्न होऊन जाशील. भाच्याला नोकरी धरायचीय." मी त्याच आठवड्यात ट्रंक उचलली आणि घरी आले. मुदत संपायला चार महिने बाकी होते, पण आबांना काय सांगणार? म्हटलं, जमलं नाही. त्यांनी दोन ठिकाणी निरोप धाडला. बघायला माणसं येऊ लागली.

आणि एक दिवस दारात सर! हातात रावेरच्या केळ्यांची फणी. आबांची नुसती धांदल उडाली. ओसरीवर गोधडी अंथरली, चहा झाला. सर हळूहळू मुद्द्यावर आले. भाच्याची पीएच.डी.ची परीक्षा घ्यायला येणाऱ्या बाहेरच्या गृहस्थांनी ताज्या पदार्थाचा नमुना मागितला होता, आणि भाच्याला तो जमेचना. दरवेळी चिकट गोळा व्हायचा. "तू काय करायचीस, तेवढं सांग, बेटा."

मी मनात म्हटलं, मर म्हणावं.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगी दे ना बेटी. गुरुजी आपला घर येल शेतस." मग सरांकडे वळून हात जोडले, "पोरले काय समजस? बठ्ठं तुमनंच शिकाडेल शे."

बठ्ठं, म्हणजे सगळं, म्हणे सरांनीच शिकवलेलं! सर नाही म्हणाले नाहीत. त्या एका गप्प बसण्यावर मला त्यांच्या अंगावर गरम चहा ओतावासा वाटला. आबांना तरी काय बोलू? त्यांना मीच काही सांगितलं नव्हतं. पण माझ्या घरात, माझ्या बापाच्या तोंडून माझं काम त्या माणसाच्या पदरात पडलं, ते मला सहन झालं नाही. आपल्याला काही समजत नाही हे तरी खोटं पाडावं, म्हणून मी तोंड उघडलं.

म्हटलं, तुमच्या स्पिरिटमध्ये पाणी आहे. हा रेणू मधल्या जोडावर नाजूक असतो, उकळताना पाण्याने तिथेच तुटतो. मी जळगावात भिंती रंगवायचा कळीचा चुना आणायची, स्पिरिट त्यात भिजत ठेवायची, चुना पाणी पिऊन घेई, मग ते ऊर्ध्वपातन करून वापरायची. तुम्ही हसाल म्हणून कधी बोलले नाही. सरांनी खिशातून कागद काढला. चुना किती? किती दिवस? मी सांगत गेले. मग त्यांनी शेपटीबद्दल विचारलं, मधला भाग कडक कशाला लागतो ते विचारलं. मी अंगणातल्या पऱ्हाट्या उचलून ओसरीवर मांडून दाखवल्या. आबा तोंड उघडं ठेवून ऐकत होते. अर्धा तास मी बोलत होते. दोन वर्षांत सरांनी माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं, एकदाही "मळ आहे" म्हणाले नाहीत, आणि मी खूश होते हो! काय सांगू, गाल तापले होते माझे आनंदाने.

त्या आनंदाची मला अजून चीड येते, सरांपेक्षाही जास्त. पुढच्याच महिन्यात माझं लग्न ठरलं आणि भाचा डॉक्टर झाला. पण त्या दिवशी सर एसटी धरायला निघाले तेव्हा मी कुंपणापर्यंत त्यांच्यामागे गेले. ते रस्त्याला लागले, तर तिथून ओरडून सांगितलं, "सर, स्फटिक पाडताना घाई नका करू, सावकाश गार होऊ द्या!"