मामा मागे उभा राहील का?

आमचे हे, म्हणजे समाधान, मेथीच्या जुड्या इतक्या सारख्या बांधतात की बघत राहावं. तेवढं सोडलं तर माणूस लय अवघड. नाशिकच्या मार्केटात गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतील, "ही कालची आहे, घेऊ नका." वर मलाच विचारतील, "खोटं सांगायचं होतं का?" घ्या आता. आमच्या गावात, मखमलाबादला, सगळे यांना एककल्ली म्हणतात. मीही म्हणते, पण दुसऱ्यानं म्हटलेलं मला खपत नाही.

गेल्या वर्षी भावकीतल्या एका लग्नात डीजे लागला, अंगावर अक्षता पडायला लागल्या, तसे हे उठून गाडीत जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत. आता सख्ख्या भाचीचं, ललिताचं लग्न ठरलेलं. मंगलाष्टकांना नवरीच्या मागे मामा लागतो, आणि ललिताला मामा एकच. आशाताईंनी, माझ्या मोठ्या नणंदेनं, फोनवर स्पष्टच सांगितलं, "छाया, समाधान मागं उभा राहिला नाही तर माझं माहेर संपलं समज."

पत्रिका द्यायला आली तेव्हा ललितानं मोबाईलवर ऑटिझमची एक प्रश्नावली काढली. म्हणाली, "मामी, हे वेड नसतं गं. मेंदूची घडणच वेगळी असते. मामाचं बघू तर."

ओट्यावर सगळे जमलो. ती प्रश्न वाचत होती आणि उत्तरं आम्ही देत होतो. आमच्या घरात एकाला विचारलं की बाकीचेच बोलतात.

"गोंगाटाचा त्रास होतो का?"

"त्रास कसला? नाटकं आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"डोळ्यात बघून बोलतो का?"

यावर तर त्या चिडल्याच. "मोठ्यांच्या डोळ्यात डोळे घालायला मी शिकवलेलं नाही."

ज्याची परीक्षा चालली होती तो माणूस मेथीच्या काड्या सारख्या करत बसलेला. निकाल आला, तसं काही दिसत नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी झेंडू तोडायला गेले तर हे बांधावर बसलेले. मोबाईल माझ्यापुढे धरला. "ती प्रश्नावली मराठीतपण मिळते. मी एकट्यानं भरली. शक्यता बरीच आहे म्हणतंय."

मला काही सुधरेना. माणूस एक आणि निकाल दोन.

"आईनं सांगितला तो मी खरा, का हा?"

"मला काय विचारता? तुमचं तुम्हाला माहीत नाही का?"

"नाही ना. मला वाटायचं, आवाज सगळ्यांनाच टोचतो. तुम्ही सहन करता, मला जमत नाही, म्हणजे मीच नालायक."

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मोबाईलवरून हे ठरत नाही, नीट बसून बोलावं लागेल, लहानपणचंही विचारावं लागेल. तारीख दिली ती लग्नानंतरची. यांचा घोर आणखीनच वाढला.

"तसा असेन तर ताईला नाही म्हणता येईल. नसेन तर उभं राहायलाच पाहिजे. पण कळायच्या आधीच लग्न आहे."

"निकाल गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "तुम्हाला उभं राहायचंय का?"

यांनी हातातली जुडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "राहायचंय. जमेल का ते माहीत नाही."

ललितानं डीजे बंद ठेवायला लावला. मी यांच्या कानात कापूस घालून वरून फेटा बांधला. अक्षतांचं मात्र काय करणार? त्याशिवाय लग्न लागतं का?

हे उभे राहिले. तांदूळ तोंडावर पडला की डोळे घट्ट मिटायचे, ओठ पांढरे पडायचे. पण हलले नाहीत. आशाताई रडत होत्या. सासूबाई माझ्या शेजारीच होत्या, पहिल्या मंगलाष्टकानंतर त्यांनी मुठीतले तांदूळ टाकलेच नाहीत.

लग्न लागलं तसे हे गाडीत जाऊन बसले. मी ताट घेऊन गेले, मागून सासूबाई आल्या.

"आता डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं?" यांनी मला विचारलं. "उभा राहिलो, म्हणजे मी तसा नाही का?"

"त्रास झाला का?"

"लय."

मी ताट यांच्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी येते डॉक्टरीणबाईंकडे. लहानपणी वाजंत्री आली की हा धान्याच्या कणगीमागं जाऊन लपायचा. ललितानं विचारलं त्या दिवशी ते मी सांगितलंच नाही." तांदळाची त्यांची मूठ अजून मिटलेलीच होती.