आक्कासाठी निवडलेली सीडी

माधुरीआक्काच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, ‘व्हय’. आईनं पाणी भरलं का म्हणून विचारलं की व्हय. शेजारची कडूबाई म्हणाली, माझंबी तेवढं रेशन आनतीस का, की व्हय. सुप्याच्या कंपनीतला सुपरवायझर म्हणाला, आज दुसऱ्या पाळीलाही थांबाल का बाई, तरी व्हय. धाकट्या भावाला, सम्राटला, लहानपणापासून या शब्दाची इतकी सवय झाली होती, की त्याच्या मागे काय असतं हे कधी वाकून बघावं असं त्याला वाटलंच नाही. आता वाटतं. पण आता वाटून काय उपयोग!

वडील रंभाजी गेले तेव्हा आक्का दहावी होऊन नगरला इंग्रजी टायपिंग शिकत होती. परीक्षा तेवढी पास झाली आणि लगेच रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्या खडीवर सम्राट शिकला. आधी नगरच्या वसतिगृहात, मग पुण्याला. इंजिनिअर झाला, पुण्यातच नोकरीला लागला. आक्काच्या लग्नाचं मात्र या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू असं होत होत एक दिवस लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. पुढे सुप्याला कारखाने आले आणि ती एका कंपनीत पॅकिंगला लागली. सगळी पाळी उभ्यानं. संध्याकाळी घरी आली की पाय भिंतीला वर लावून पडायची. पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या, गाठी मारलेल्या सुतळीसारख्या.

तरी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात सगळ्यांच्या आधी हजर. वर्षावासात ग्रंथ वाचायला आक्काच बसायची. तिचा आवाज स्वच्छ, एकही अक्षर खाल्लं जायचं नाही. भंतेजीसुद्धा म्हणायचे, माधुरीताई वाचतात तेव्हा मागच्या बाईलाही झोप येत नाही.

नव्व्याण्णव साली कंपनीच्या डिस्पॅचमधली मुलगी लग्न ठरल्यामुळे नोकरी सोडणार असं कळलं. माल कुठे गेला याची पत्रं टाइप करायची, नोंदी ठेवायच्या, एवढंच काम. आणि खुर्ची! आक्का धीर करून साहेबांना भेटली. साहेब माणूस बरा होता. म्हणाला, “टायपिंग येतं, चांगलंय. पण आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, बाई. दिवाळीनंतर परीक्षा घेतो. आलं तर खुर्ची तुमची.”

आक्कानं भावाला एवढंच सांगितलं, “सम्राट, मला जरा बसून करायचं काम मिळतंय बघ.” तिनं आयुष्यात भावाकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

सम्राटनं हौसेनं मनावर घेतलं. ऑफिसनं काढून टाकलेला, पण चांगला चालणारा एक कॉम्प्युटर त्यानं मिळवला. प्रश्न आला तो आत काय घालायचं याचा. नुसतं यंत्र असून भागत नाही, ते चालवणारी व्यवस्था आत लागते. सुप्याच्या कंपनीत विंडोज होतं. पुण्यात ज्याच्या त्याच्या घरी विंडोजच होतं, आणि बहुतेकांकडे कुणाच्या तरी सीडीवरून उतरवून घेतलेलं. आई गीताबाईनं शेजाऱ्यांच्या फोनवर नेमकं तेच विचारलं.

“त्यातलं सामान चोरीचं तर न्हाई ना रे? आपल्या घरात पंचशील म्हनत्यात. न दिलेलं घ्यायचं न्हाई.”

“नाही गं आई. लिनक्स म्हणून असतं. ज्यांनी बनवलं त्यांनी जगाला असंच देऊन टाकलंय.”

“म्हंजी दान?”

“दानच म्हण.”

“मग लई चांगलं,” आई म्हणाली.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. पण लिनक्स काही एकाच जातीचं नसतं. वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या परीनं बांधून दिलेले त्याचे प्रकार असतात. मासिकांबरोबर आलेल्या सीड्या सम्राटकडे पडून होत्या. एक डेबियनची, एक स्लॅकवेअरची, एक नवीनच आलेली मँड्रेकची. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दीपाला त्यानं त्या दाखवल्या.

“कुणासाठी?” दीपानं विचारलं.

“बहिणीसाठी. तिनं अजून कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.”

“मग विचार कसला करतोस? मँड्रेक घाल. चालू केलं की चित्रं समोर. माऊस फिरवायचा, पत्र उघडायचं, लिहायचं. दिसायलाही विंडोजसारखंच आहे, कंपनीत गेल्यावर बुजणार नाही.”

“हे म्हणजे सायकलला मागं दोन छोटी चाकं लावल्यासारखं झालं.”

“मग पहिल्याच दिवशी बुलेटवर बसवतोस का?”

“आमची आक्का लेचीपेची नाही, दीपा. खडी फोडलीय तिनं.”

“अरे, खडी फोडली म्हणून कॉम्प्युटरवरसुद्धा खडीच फोडायला लावणार आहेस का तिला?”

सम्राट हसला. तेव्हा हसला. त्या वर्षी तो स्वतः स्लॅकवेअर शिकला होता. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि एकेक आज्ञा टाइप करून यंत्राकडून काम करून घ्यायचं. ज्याला ते येई त्याला ऑफिसात मान होता. ती सीडी वाईट नव्हती, जाणत्याच्या हातची होती. पण आक्काला नुसतं वापरता येऊन भागणार नाही, मुळापासून आलं पाहिजे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं आणि स्लॅकवेअरच घातलं. देताना आपलं लक्ष घेणाऱ्याच्या ओंजळीकडे असावं, आपल्या हाताकडे नसावं, असं विहारात किती वेळा सांगितलं जातं. सम्राटनंही ते ऐकलं होतंच की!

कॉम्प्युटर घरी आला तेव्हा गल्ली लोटली. लोखंडी पेटीवर पांढरी चादर अंथरून तो मांडला. आईनं मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. पडदा उजळला तशी कडूबाई पुढे सरकली.

“अगं बया, हा तर काळाच हाय! चित्र कुठंय?”

“मावशी, हा टीव्ही नाही,” सम्राट म्हणाला.

“ते दिसतंय रं बाबा. आमच्याबी टीव्हीला मुंग्या येत्यात, ह्याला तर मुंग्याबी न्हाईत.”

सगळे हसले. आक्का हसली नाही. ती टायपिंगच्या क्लासला बसायची तशी पाठ ताठ करून समोर बसली होती. सम्राट शिकवू लागला. आधी आपलं नाव टाकायचं, मग गुप्त शब्द. तो टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, घाबरायचं नाही. मग लिहायची फाइल उघडायची. उघडली की लगेच लिहायचं नाही, आधी एक अक्षर दाबायचं, मग लिहायचं. लिहून झालं की कोपऱ्यातली कळ. मग ठेवून द्यायची आज्ञा. बंद करायची आज्ञा वेगळी.

“समजलं का, आक्का?”

“व्हय.”

“आणि वीज जायच्या आधी नीट बंद करायचा. एकदम बंद पडला तर आतल्या फायली बिघडतात. समजलं?”

“व्हय.”

पिशवीत माऊस होता. पुण्यातला सम्राटचा बिघडला होता म्हणून त्यानं तो बाहेर काढलाच नाही. “या पडद्याला त्याचं काही काम नाही,” म्हणाला, आणि परत घेऊन गेला.

एक गोष्ट सांगायला हवी. या घरात शिकलेल्या माणसाला उलट विचारायची रीत नव्हती. सम्राट आला की आई तांब्या चिंचेनं घासून लख्ख करायची, त्याच्या ताटात आधी वाढायची. तो बोलत असला की सगळे गप्प. “त्याच्या डोक्याला ताप देऊ नगा,” असं आईचं म्हणणं. अख्ख्या भावकीतून एक पोरगा त्या पायरीवर चढलेला. त्याला “हे मला नाही कळलं, पुन्हा सांग” म्हणायचं म्हणजे त्याच्या शिकवण्याला नाव ठेवल्यासारखं. शाळेत मास्तरांना हात वर करून विचारणारी आक्का भावापुढे मात्र मान हलवायची. आणि सम्राटला वाटायचं, किती पटकन शिकते आमची आक्का!

वीज काय सांगून जाते होय? आठवडाही झाला नसेल, आक्का पत्र टाइप करत बसली होती आणि लाइट गेले. परत आल्यावर तिनं बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजी ओळींवर ओळी, आणि शेवटी एक गुप्त शब्द मागत यंत्र अडून बसलं. तिनं आपला शब्द टाकला, घेईना. त्याला मालकाचा शब्द हवा होता, आणि तो सम्राटजवळ. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तिनं सुप्याच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला.

सम्राट घाईत होता. “आक्का, वीज जायच्या आधी बंद करायचा म्हणून सांगितलं होतं ना?”

“व्हय.”

“बरं, असू दे. मी एक शब्द सांगतो तो टाक, मग एक आज्ञा देतो ती टाइप कर, तो विचारेल त्याला होकार देत जा. मग पुन्हा चालू कर. समजलं?”

बूथमध्ये मागे माणसं उभी होती. एक ट्रकवाला ओरडत होता, “ताई, आटपा की, का लग्न ठरवताय फोनवर?”

“व्हय,” आक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी येऊन तिनं तळहातावर लिहून आणलेली अक्षरं टाकली. घामानं त्यातलं एक पुसलं होतं. यंत्र अडलं ते अडलंच. मग तिनं त्यावर चादर घातली. आपण भावाची वस्तू बिघडवली असं तिच्या मनानं घेतलं. पुन्हा फोन केला नाही. आईलाही सांगू दिलं नाही. सम्राट शेजाऱ्यांच्या फोनवर विचारायचा, “करतेस ना रोज?” आणि इकडून उत्तर यायचं ते त्याच्या ओळखीचंच. खरं तर त्या चादरीवर ती रोज बोटं चालवायची. दिवाळी अशीच गेली; कामामुळे सम्राटलाही घरी येता आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सम्राट मुद्दाम रजा काढून आला आणि पुण्याहून थेट कंपनीत पोचला. आक्कानं पौर्णिमेची पांढरी साडी नेसली होती. साहेबांनी त्यालाही आत बोलावलं. “या इंजिनिअरसाहेब, बहिणीचं कौतुक बघा.”

कॉम्प्युटरपुढे ती खुर्ची होती. आक्का तिच्यावर बसली, पाय जमिनीला टेकवले. तेवढ्यात एकदा तिच्या चेहऱ्यावर जे सुख आलं ते सम्राटनं बघितलं. ते त्याला अजून विसरता येत नाही.

“हं, नवीन पत्र उघडा,” साहेब म्हणाले.

समोर निळ्या पडद्यावर बारकी बारकी चित्रं. आक्का की-बोर्डवर हात ठेवून वाट बघत राहिली. अक्षरं टाकायची जागाच दिसेना.

“माऊस घ्या की, बाई. तिथे क्लिक करा.”

तिनं शेजारी बघितलं. ती वस्तू तिनं पॅकिंगमधून येता-जाता दुरून पाहिली असेल तेवढीच. तिनं ती हळूच हातात उचलली आणि पडद्याकडे धरली. दारातला शिपाई फिसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. आक्कानं माऊस जिथला तिथे ठेवला, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

साहेबांनी स्वतः पत्र उघडून दिलं. मग मात्र तिची बोटं अशी चालली की शिपाईसुद्धा बघत राहिला. एक चूक नाही. पण नवीन पत्र कसं उघडायचं, ठेवायचं कुठे, छापायचं कसं, यातलं तिला काहीच येत नव्हतं.

“हात चांगला आहे,” साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “पण इथे शिकवत बसायला वेळ नाही हो.” कोर्स केलेली एक मुलगी पारनेरहून आली होती. खुर्ची तिला मिळाली.

परतताना वडाप जीपमध्ये दोघं मागे बसले. आक्काच त्याची समजूत घालत होती. “आसूं दे रे. आपलंच चुकलं. तुजा कॉम्पुटरबी मी बिघडावला.”

“कधी?”

“लाइट गेल्ती तवाच.”

“तेव्हापासून बंद आहे? आक्का, मला सांगितलं का नाहीस? विचारायचं तरी!”

तिनं बाहेर बघितलं. “तू शिकलेला मानूस. तुला किती डाव इचारायचं?”

गावात उतरल्यावर कडूबाई ओट्यावरून ओरडली, “काय गं माधुरी, मिळाली का खुर्ची?” आक्का म्हणाली, “न्हाई, मावशी.” सम्राटच्या कानांनी तिच्या तोंडून हा शब्द कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

पुढच्या सुटीला तो मँड्रेकची सीडी घेऊन आला. माऊसही आणला. दीपाला त्यानं काही सांगितलं नव्हतं. तिचं ते खडीचं बोलणं मात्र सगळ्या वाटेनं त्याच्याबरोबर होतं. दुपारभर बसून त्यानं जुनं सगळं काढलं, नवीन घातलं. पडदा उजळला तशी रंगीत चित्रं आली.

आक्का पाळीवरून आली होती. पाय भिंतीला लावून पडायची ती वेळ, पण ती मुकाट्यानं येऊन बसली. त्यानं तिचा हात माऊसवर ठेवला. चिमणीचं पिल्लू धरावं तसा तिनं तो धरला. बाण इकडे गेला, तिकडे गेला, मग चित्रावर थांबला. पत्र उघडलं. तिनं आपलं नाव टाइप केलं, ठेवून दिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. नाव जागच्या जागी होतं. सम्राटला काही सांगावं लागलंच नाही.

‘समजलं का’ म्हणून त्यानं विचारायला तोंड उघडलं, आणि कोणतं उत्तर येणार ते आठवून पुन्हा मिटलं. या वेळी ते ऐकवलं नसतं.

आक्काच बोलली. पडद्याकडे बघत, कौतुकानं, मनात काही किंतु न ठेवता.

“लई सोपं हाय की रे हे.”

आक्का मग एका हातानं पोटरी दाबत उठली. सकाळी पहिली पाळी होती, पीठ मळायचं राहिलं होतं. सम्राटनं यंत्र नीट बंद केलं आणि वर चादर घातली.