लोणी काढलेलं पाणी

दोंडाईचा स्टेशनात माझी सुरतेची गाडी हलली तरी माय खिडकीचा गज सोडेना. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तठलं पानी तुले मानवाव नही." मी हसलो. गावाकडच्या भाऊबंदांनो, तुम्हीही हसला असतात. सुरतेतली तापी आपल्याच गावावरून तर येते!

पण मायचा हिशेब निराळा. वाटेत उकाईचं धरण. "तठे पानीमाईन वीज काढी लेतस. मंग काय र्‍हायनं? लोनी काढेल ताक!"

सुरतेत बमरोलीच्या खोलीत आमचं बस्तान छान बसलं. मी लूमवर, बायको साड्यांना टिकल्या लावायची, आणि पोरगी शेजारच्या बेनकडे ढोकळा खाऊन वर घरी गुजरातीत भांडायची. सुख होतं, खोटं कशाला बोलू? एकच रुखरुख होती. श्रावणात रजा मिळेना, म्हणून गावची कानबाई हुकायची. ही आमची श्रावणातली देवी, घरात बसवायची आणि मग वाजतगाजत नदीत बोळवायची. इथे बसवावी तर मायशिवाय ती बसवणार कोण? आणि माय म्हणे, ताकात मी कानबाई बोळवणार नाही.

नव्वद सालानंतरचा एक श्रावण. नातीच्या हट्टापायी माय एकदाची माझ्याबरोबर गाडीत बसली. मी तिला मध्येच सोनगडला उतरवलं आणि थेट धरणावर नेलं. दारं उघडी होती, पाणी नुसतं धडाडत होतं. पदर सावरत ती बघतच राहिली. मग रखवालदाराला विचारलं, हे जातं कुठे?

"सुरत जाय, माजी. पूर आवे त्यारे रोकीए, उनाळामां छोडीए. बारडोलीनी शेरडीनेय आ ज पाणी."

पुरात अडवतात, उन्हाळ्यात सोडतात, उसालाही हेच पाणी, असं मी सांगितलं तसा मायचा चेहरा खुलला. धान्याची कोठी आयुष्यभर तिच्याच हातात होती. "अरे, ही तं मन्हासारखीच शे! सुगीमा राखस, नड पडनी का देस."

सुरतेला पोचल्यावर तापीच्या काठावर बसून ती ओंजळभर पाणी प्यायली आणि तोंड पुसून म्हणाली, "ताकबी गोड शे." मला असा आनंद झाला की काय सांगू!

त्या वर्षी आमच्या गल्लीत कानबाई बसली. बोळवायला गुजराती शेजारणीही नाचत तापीवर आल्या. माय परत गेलीच नाही.

बोळवणीच्या दुसऱ्या दिवशी तिने मला एसटीडी बूथवर नेलं. गावातल्या दुकानाचा फोन लावला, माझ्या थोरल्या भावाला बोलावलं. मला वाटलं, ख्यालीखुशाली विचारेल. तर माय फोनात ओरडली, "नदीमा ढोरे धोवू नका रे! खाले आमनं घर शे!"