पात्रांवांच्या व्हॅनमधली रेती

पात्रांवांवर अन्याय झाला तो गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, पाचव्या दिवशी, सूर्य बुडता बुडता, आमच्या गावच्या खाडीकाठी. करणारे आम्ही. ज्यांचे गणपती त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या व्हॅनमधून पोचवले, तेच आम्ही. एकाने तोंड उघडलं, बाकीच्यांनी बंद ठेवलं. माझ्या हिशेबी दोन्ही सारखंच. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. मी आजवर फक्त पत्रकं लिहिली, माणसाबद्दल पहिल्यांदाच लिहिते आहे. आणि ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांना राग यायचाच नाही, म्हणून त्यांच्या वाट्याचाही मलाच करावा लागतो.

पात्रांव म्हणजे आमच्या गोव्यात मालक, शेठ. यांच्या मालकीचं काय होतं? पेडण्याच्या या टोकाला, तेरेखोल नदीच्या काठी एक कौलारू घर, चार माड आणि एक जुनी पांढरी व्हॅन. नाव पडलं त्याचं कारण वेगळंच. ते भेटेल त्याला पात्रांव म्हणत. पाववाला पोदेर सायकलवरून उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला की "काय पात्रांव, गरम आसत मा?" सरपंच पात्रांव, कोल्हापूरकडून बांधकामावर आलेला गवंडी पात्रांव, रस्त्यात आडवा बसलेला रेडाही पात्रांव. "उठा पात्रांव, पेशंट आसा," असं त्या रेड्याला अजिजीने सांगताना मी त्यांना ऐकलं आहे. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. शेवटी गावाने ते नाव त्यांनाच चिकटवलं आणि खरं नाव मतदारयादीपुरतं उरलं.

व्हॅनच्या मागच्या सीटा त्यांनी कधीच काढून टाकल्या होत्या. त्या जागी घरातली एक लाकडी कदेल, म्हणजे हातांची खुर्ची, दोरीने बांधून ठेवलेली. आजारी माणसाला बाकड्यावर बसवायचं नाही, त्याला हात टेकायला जागा हवी, हे त्यांचं मत. बाकीच्यांनी खाली बसायचं. खालचा पत्रा जसजसा गंजत गेला तसतशी ते ठिगळं लावत गेले. एक ठिगळ तेलाच्या डब्याचं, एक कुणाच्या तरी निवडणुकीच्या फलकाचं. त्या फलकावरचा उमेदवार हात जोडून हसत होता आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडावर पाय ठेवून पेडण्याच्या बाजाराला जात होतो. मी एकदा म्हटलं, पात्रांव, हे बरं नाही दिसत. ते म्हणाले, "निवडून इल्यार ह्यो कोणाच्या पायाक लागलो नसतो. हय बरो आसा."

माझ्या आईला शेतात फुरसं चावलं तेव्हा मी कॉलेजात होते. घरी पुरुषमाणूस नाही. पात्रांव जेवणाच्या ताटावरून उठून आले, आईला कदेलीवर बसवलं आणि निघाले. पुढचं सगळं आईकडून ऐकलेलं. तिला गुंगी येत होती. पात्रांवांनी तिला विचारलं, वहिनी, खतखतं कसं करता? ती म्हणाली, मरायला टेकले आहे आणि खतखतं काय विचारता. पण आमच्या त्या कंदभाज्यांच्या भाजीची कृती सांगू लागली. कणगी, सुरण, तोरीचे दाणे. ती तिरफळांवर आली तेव्हा पात्रांव शांतपणे म्हणाले की तिरफळं नाही घातली तरी चालतं. आई कदेलीवर ताठ बसली. "तिरफळांबगर खतखता? तुमच्या घरात काय म्हशीक घालतत?" तिथून दवाखान्याच्या दारापर्यंत ती भांडत होती. पात्रांव मुद्दामच करत होते हे तिला पुढे कळलं, तरी तिचा राग गेला नाही. आजही खतखतं केलं की एक डबा ती वेगळा काढते आणि वर तिरफळांचा एक जादा दाणा टाकते. त्यांना कळावं म्हणून.

माझ्या चळवळीचं वाहनही तीच व्हॅन. गावामागचा डोंगर कापायला निघाले होते तेव्हा आम्ही टपावर भोंगा बांधला. मी आत बसून माईकवर धिक्कार, निषेध, जाहीर जाब असं काय काय ओरडायची आणि पात्रांव प्रत्येक घरापाशी गाडी हळू करून खिडकीतून डोकं बाहेर काढायचे. माईक त्यांच्याजवळच. त्यामुळे अख्ख्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, ऐकू जायचं ते असं: डोंगर आमच्या हक्काचा, मामी ताप उतरलो काय, कापू देणार नाही, गायीक वासरू जाला मा. मी चिडायची. पण सभेला जी माणसं आली ती माझा निषेध ऐकून आलेली नव्हती. मामीचा ताप कुणीतरी विचारला म्हणून मामी आली, आणि मामीबरोबर तिचा वाडा. डोंगर तूर्त उभा आहे. त्याचं श्रेय आमच्या समितीने पुष्कळ घेतलं, त्यात पात्रांवांचं नाव कुठे नव्हतं. त्यांनी ते शोधलंही नाही.

आता त्या रेतीबद्दल. आमच्याकडे गणपती खाडीत पोचवले की पाटावर तिथली मूठभर रेती घेऊन घरी यायचं आणि ती घराभोवती टाकायची. वाट खाडीच्या काठाशी संपते, पुढे चिखल. मूर्ती मातीच्या, जड. डोक्यावरून न्यायच्या तर घरात जवान माणूस हवा. सीताकाकीचे दोन्ही मुलगे बोटीवर, नवरा गेलेला. एका वर्षी ती पाटाकडे बघत नुसती उभी राहिली, तेव्हा पात्रांवांनी व्हॅन उलटी घेऊन भरतीच्या पाण्यात घातली, मागचं दार थेट पाण्यावर उघडलं आणि काकीने स्वतःच्या हातांनी आपला गणपती पोचवला. अडलेल्यासाठी केलेली ती सोय. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरात चार-चार दांडगे मुलगे तेही रांगेत. आणि व्हॅनचा मान म्हणून प्रत्येक घर पाटावरच्या रेतीतली थोडी रेती व्हॅनमध्ये टाकू लागलं. ही गाडीही एक घरच, असं म्हणून. ओली, खारट रेती. पात्रांव ती झाडत नसत. वर रबरी चटई घालत आणि पुढच्या चवथीपर्यंत ती तशीच ठेवत. विसर्जनाचं पाणीही धूत नसत. ते आपलं आपण सुकायला हवं, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. एरवी रोज सकाळी सोडण, म्हणजे नारळाचा काथ्या, घेऊन गाडी घासणारा माणूस त्या दिवसांत तिला हात लावत नसे.

त्यांची मुलगी सुलू डिचोलीकडे, मयेला दिलेली. तिच्याकडे जाताना ते कारापूरच्या एका गॅरेजात थांबत. एकदा मी बरोबर असताना तिथल्या माणसाने चटई उचलली आणि कपाळाला हात लावला. पात्रांव, मीठ भरून गाडी फिरवताय, ही रेती आजच्या आज काढा, असं त्याने माझ्यासमोर सांगितलं. परतताना मी तेच लावून धरलं. श्रद्धा घरात ठेवा, पत्र्याला ती कळत नाही, वगैरे. मी अशी वाक्यं सहज बोलते.  पात्रांव म्हणाले, "कळता गो बाय. पण देवाची रेती ती. सगळ्यांनी हातान दिलेली. केरात खय घालू?"

तर ती पाचव्या दिवसाची संध्याकाळ. व्हॅन पाण्यात उलटी उभी, आत सीताकाकीचा गणपती. पाट सरकवताना खालून कर्र असा आवाज आला आणि पाटाचा एक कोपरा पत्र्यातून खाली गेला. मूर्ती कलली. पुरुष ओरडले, बायकांनी डोळे मिटले. पात्रांव मात्र गुडघाभर पाण्यातून मागच्या दाराखाली शिरले आणि पाट त्यांनी पाठीवर झेलून धरला. वरच्यांनी मूर्ती सावरून उचलेपर्यंत ते तसेच ओणवे. मूर्तीला ओरखडाही नाही. ते बाहेर आले तेव्हा सदरा फाटलेला आणि पाठीवर गंजाचे तांबडे पट्टे. तेवढ्यात आमच्यातला एकजण, ज्याच्या घरचा गणपती गावात सगळ्यांत मोठा असतो तो, मोठ्याने म्हणाला, "गाडी सांभाळूक जमना जाल्यार देवाक तरी तेतूंत घालू नयो."

सांगा. ती गाडी कुणी खाल्ली? तुमच्या रेतीने. पण तेव्हा कुणी हे म्हटलं नाही. मी सीताकाकीला धरून उभी होते; मी वळून बोलायला लागले तर पात्रांवांनीच हात वर करून मला थांबवलं. देवासमोर नको, एवढंच. मग सगळ्यांना म्हणाले, "पात्रांव, चूक जाली."

चवथ संपली आणि त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. मी आई आणि डबा घेऊन गेले तेव्हा व्हॅन अंगणात होती आणि तिच्याखालून पात्रांवांचे पाय दिसत होते. विहिरीच्या गोड्या पाण्याची बाल्दी शेजारी, गोणपाटावर ते उताणे, हातात सोडण. आयुष्यात पहिल्यांदा ते तिला खालून धूत होते. मी काय विचारणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. आतूनच म्हणाले, "आता देव पोचवूचो नाय. आता धुवल्यार चलता." रेती त्यांनी आधीच काढून पाटीत भरली होती, ती ते माडांच्या मुळांत घालणार होते. मी पदवीधर बाई, जाब विचारण्यात तरबेज. जाब बाजूला ठेवला. मी दुसरं सोडण घेतलं आणि आत सरपटत गेले. वर हात लावला की पत्र्याचे पापुद्रे निघून तोंडावर पडत होते. बाहेर आई त्यांना सांगत होती की डब्यात काय आहे आणि त्यात काय घातलं आहे.

भंगारवाला बेळगावकडचा, समजूतदार. तो मशीन घेऊनच आला होता, इथेच तुकडे करून नेतो म्हणाला. पात्रांवांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि त्याने मशीन परत ठेवून साखळी काढली. अख्खीच न्यायची. साखळी लावताना पात्रांवांनी व्हॅनच्या छपरावर तळवा ठेवला. "देव बरें करूं गो बाये," म्हणाले. आमच्याकडे आभार असेच मानतात. "कोणाक नाय म्हटलंस नाय तू."

गणपती पोचवायला अख्खा गाव असतो. गाडी पोचवायला आम्ही चौघे: पात्रांव, आई, मी आणि काठी टेकत आलेली सीताकाकी. बाकीच्यांच्या घराच्या जनेलांतून, म्हणजे खिडक्यांतून, पडदे हलताना दिसले. पुढच्या महिन्यात सुलूने त्यांना मयेला नेलं. गाडी नाही तर इथे कुणासाठी राहू, असं ते म्हणाले नाहीत, पण गेले. मी मयेच्या तळ्याकाठी त्यांच्या घरी जाऊन येते. तिथल्या बसचा कंडक्टरही आता पात्रांव झाला आहे. आमच्या गावाबद्दल त्यांनी एक वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही. मामीचा ताप विचारतात, डोंगराची चौकशी करतात. माझी आई जिवंत आहे, डोंगर उभा आहे, आणि दार ठोठावलं की आधी माणसाची विचारपूस करायची, हे मला येतं. या सगळ्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. ऋणी असणं आणि गप्प बसणं मात्र वेगळं.

तुमच्या गावात अशी एक गाडी आहेच. रिक्षा असेल, पिकअप असेल, कुणाची जीप असेल. तुमची म्हातारी तिच्यातून दवाखान्यात गेली आणि तुमचा देव तिच्यातून पाण्यात गेला. या रविवारी तिच्या मालकाच्या दारात जा. नारळ आणि शाल घरी ठेवा. गोड्या पाण्याची बाल्दी न्या, गोणपाट अंथरा, गाडीखाली आडवे व्हा आणि वर हात लावून बघा. जो गंज हाताला लागेल तो तुमचा आहे. घासा.